परड्यातील हिवाळा : पंप उचलण्याआधी पान उलटा

दिवाळी झाली, गव्हाणीत मोळी पडली, की आपल्या घरादाराचे सगळे लक्ष उसाकडे लागते. तोड कधी येणार, टोळी कुणाच्या फडात आहे, वजनाची पावती मिळाली का, खोडव्याला पाणी कधी द्यायचे, पूर्वहंगामी लागणीत तण किती माजले, याच गोष्टींत दिवस जातो. या धांदलीत घरामागचे परडे मात्र विसरले जाते. खरे तर कार्तिक-मार्गशीर्ष हे महिने परड्याचे. पावसाळ्याचा चिखल आटलेला, उन्हाला चटका नाही, सकाळी पानापानावर दंव, आणि थंडीत गोडीला येणाऱ्या सगळ्या भाज्या आताच लावायच्या.

आपल्यापैकी कितीजणांच्या घरी एकरांनी ऊस उभा आहे आणि कोथिंबिरीची जुडी मात्र आठवडी बाजारातून येते, हे ज्याचे त्याने मनाशी मोजावे. आम्हीही त्यातलेच होतो. आमच्या आईच्या हट्टामुळे परडे पुन्हा उभे राहिले, आणि आमच्याच घाईमुळे एका हिवाळ्यात ते आडवेही झाले.

या लेखात परसबागेचे सगळे शास्त्र सांगण्याचा विचार नाही. एकच सवय सांगायची आहे. ती आम्हांला फुकट लागली नाही. ती कशी लागली तेही सांगतो, म्हणजे तुम्हांला तेवढी किंमत मोजावी लागणार नाही.

जागा किती, वेळ किती?

एक गुंठा म्हणजे ३३ फूट लांब आणि ३३ फूट रुंद, एकूण १०८९ चौरस फूट. आमचे परडे यातले निम्मे, म्हणजे अर्धा गुंठा. जागतिक आरोग्य संघटना सांगते की माणसाच्या पोटात रोज निदान ४०० ग्रॅम भाजीपाला आणि फळे जावीत. घरात पाच माणसे धरली, तर रोजचे दोन किलो झाले. अर्ध्या गुंठ्यातून हे सगळे निघेल असे आम्ही म्हणत नाही. पण हिवाळ्यात पालेभाजी, कोथिंबीर, मुळा, मिरची, वांगी आणि टोमॅटो यांच्यासाठी पिशवी घेऊन बाहेर पडावे लागत नाही, एवढे खात्रीने सांगतो. शिवाय सकाळी काढलेली मेथी दुपारच्या भाकरीबरोबर ताटात येते, ही गोष्ट पैशात मोजता येत नाही.

वेळ म्हणाल, तर सकाळचा पाव तास. चहाचे आधण चुलीवर चढते तेवढ्यात एक फेरी मारायची. हिवाळ्यात ही फेरी दंव असतानाच मारावी. दंवामुळे एरवी न दिसणाऱ्या गोष्टी दिसतात. कोळ्याची जाळी कुठे कुठे आहेत ते चकाकून कळते. गोगलगाय रात्री कुठून कुठे गेली, त्याची चिकट रेघ दिसते. कोणते रोप मान टाकून उभे आहे, तेही कळते. उन्हात दुपारी कोणतेही रोप मान टाकते. सकाळी गारव्यात मान टाकलेली दिसली, तर काहीतरी बिघडले आहे असे समजावे.

आमच्या परड्यात काय घडले

काही वर्षांपूर्वीचा मार्गशीर्ष. पूर्वहंगामी लागणीत रुंद पानांचे तण फार झाले होते. खुरपायला माणसे मिळेनात, म्हणून आम्ही पाठीवरच्या पंपाने २,४-डी मारले. तण चार दिवसांत वाकडे होऊन झोपले, उसाला काही झाले नाही. आम्ही खूश. पंप विहिरीच्या थारोळ्यावर एकदा खळखळून धुतला आणि गोठ्यात टांगून ठेवला.

आठ-दहा दिवसांनी सूनबाई म्हणाली, "मामंजी, वालाच्या शेंड्यावर काळा मावा दिसतोय. टोमॅटोच्या पानांवरपण हिरवा हिरवा आहे."

आम्ही लगेच गोठ्यातला पंप काढला. त्यात निंबोळी अर्क ओतला आणि सगळ्या परड्यावर मारला. निंबोळी अर्कच तो, त्याने काय बिघडणार, असा आमचा हिशेब. आई ओट्यावर बसल्या बसल्या म्हणाली, "आरं, आदी पान तरी उलटून बगितलंस का? का नुसता पंप घिऊन सुटलाईस?" आम्ही हसून सोडून दिले. उसाच्या शेतकऱ्याला पंप मारायला आई काय शिकवणार!

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी टोमॅटोचे शेंडे खाली वळलेले दिसले. तिसऱ्या दिवशी देठ पिळल्यासारखे झाले. घेवड्याची कोवळी पाने अरुंद होऊन आकसली, त्यांच्या शिरा एकमेकींना चिकटल्यासारख्या दिसू लागल्या. वांग्याचे कोंब वाकले. आम्हांला वाटले, चुरडा-मुरडा आला. म्हणून आणखी एक औषध आणले आणि त्याच पंपाने पुन्हा मारले. आठवड्यात टोमॅटोच्या खोडांना भेगा पडल्या आणि परडे पार मोडले.

शेवटी गावात आलेल्या कृषी सहाय्यकांना दाखवले. त्यांनी झाडे पाहिली आणि औषधाचे नावही न विचारता एकच प्रश्न केला, "पंप कोणता वापरला?"

आमच्या लक्षात सगळे आले. त्या दिवशी सगळी भाजी उपटून खड्ड्यात पुरली. मेथीचा वाफा कापणीला आला होता, तोही पुरला. माणसांनी खायचा प्रश्नच नव्हता, जनावरांपुढेही टाकला नाही. आधीच्या चार दिवसांत त्यातली दोन जुड्या मेथी घरात शिजली होती, आणि नातीने ती आवडीने खाल्ली होती. पोरीला काही झाले नाही. पण पुढचे पंधरा दिवस तिने नुसते पोट दुखतेय म्हटले, तरी आमचा जीव वरखाली व्हायचा.

खरा धडा पुढेच आहे. पपईच्या मागे कुंपणावर वालाचा एक वेल होता. नोझल तिथवर पोचले नव्हते. त्या वेलावरही तसाच काळा मावा होता. पंधरा दिवसांनी आम्ही तो पाहायला गेलो, तर मावा जवळजवळ संपलेला, आणि वेल फुलावर आलेला! आईने शेंडा वाकवून पान उलटले आणि नातीने शाळेचे भिंग धरले. पानामागे ढालकिडे होते, त्यांच्या अळ्या होत्या, आणि माव्याची फुगून तपकिरी झालेली रिकामी टरफले होती.

म्हणजे फवारणीची गरजच नव्हती. परड्यातले राखणदार कामाला लागलेच होते. आम्ही मात्र न बघता औषध मारून परडेही घालवले आणि राखणदारही घालवले.

रोग की तणनाशकाचा फटका?

२,४-डी हे रुंद पानांच्या वनस्पतींची वाढ बिघडवणारे औषध आहे. ऊस गवताच्या कुळातला, म्हणून तो तगतो. टोमॅटो, वांगी, मिरची, वाल, घेवडा, भोपळा, भेंडी ही सगळी रुंद पानांची. त्यातही टोमॅटो फारच नाजूक. पंपात, नळीत, नोझलच्या जाळीत राहिलेला अंशसुद्धा त्याला पुरतो. ऊस गोड लागला म्हणून मुळासकट खाऊ नये, तसेच उसात चालले म्हणून परड्यात चालेल, असे धरू नये.

विषाणूचा रोग आणि तणनाशकाचा फटका यांतला फरक असा ओळखावा:

१. रोग आधी एका-दोन झाडांवर दिसतो आणि मग हळूहळू पसरतो. तणनाशकाचा फटका सगळ्या झाडांना एकदमच बसतो.

२. टोमॅटोवरचा रोग एकाच वेळी घेवड्यावर, वांग्यावर आणि भोपळ्यावर येत नाही. वेगवेगळ्या जातींची झाडे एकाच दिवशी वाकडी झाली, तर पंपावर किंवा शेजारच्या रानातून आलेल्या फवाऱ्यावर संशय घ्यावा.

३. बांधावरचा मका आणि गवती चहा ठणठणीत, आणि रुंद पानांचे सगळे वाकडे, असे दिसले तर शंका ठेवू नये.

४. बिघाड एका बाजूने जास्त आणि दुसऱ्या बाजूने कमी असेल, तर वाऱ्याने आलेला फवारा समजावा. यासाठी शेजाऱ्याशी भांडण नको. वारा पडलेला असताना मारत जा, एवढे सांगावे, आणि आपणही पाळावे.

पानामागे काय पाहावे

कीड बहुतेक वेळा पानाच्या वरच्या बाजूला बसत नाही. ऊन, पाऊस आणि पाखरू चुकवायला ती खालच्या बाजूला जाते. म्हणून दर फेरीत पाच झाडे निवडावीत आणि प्रत्येकाची तीन पाने उलटावीत: एक शेंड्याचे, एक मधले, एक बुडाचे. पंधरा पाने उलटायला पाच मिनिटेही लागत नाहीत.

आता मित्र कोण आणि शत्रू कोण, हे ओळखायला शिकले पाहिजे. गंमत अशी की मित्रांची पोरे दिसायला शत्रूपेक्षा भयंकर असतात.

ढालकिडा सगळ्यांना माहीत आहे. तांबडा किंवा नारिंगी, पाठीवर काळे ठिपके. पण त्याची अळी काळपट, लांबट, सहा पायांची, अंगावर नारिंगी डाग असलेली असते. ती मगरीच्या पिलासारखी दिसते. आम्ही ती कितीदा चिमटीत चिरडली असेल! ती एकेक मावा पकडून खाते. मोठी होईपर्यंत शेकड्यांनी फस्त करते.

क्रायसोपा हा हिरवा, जाळीदार पंखांचा नाजूक कीटक आहे. त्याचे अंडे केसासारख्या बारीक दांडीवर उभे असते. पानावर अशा पांढऱ्या टाचण्या दिसल्या, तर बुरशी समजून पान तोडू नये.

सिरफिड माशी मधमाशीसारखी दिसते आणि फुलासमोर हवेत एका जागी थांबते. तिची अळी बिनपायाची, जळवेसारखी, माव्याच्या घोळक्यातच सापडते. तीही माव्यावरच जगते.

माव्यातले काही मावे फुगलेले, तपकिरी किंवा सोनेरी आणि न हलणारे दिसले, तर आनंद मानावा. त्यांच्या पोटात बारीक गांधीलमाशीने अंडे घातलेले असते. आतले पिलू मावा खाऊन पाठीला भोक पाडून बाहेर पडते आणि दुसऱ्या माव्याच्या मागे लागते.

मुंग्यांकडेही बघावे. ज्या झाडावर मुंग्यांची वर-खाली रांग लागलेली आहे, तिथे वर मावा किंवा पिठ्या ढेकूण आहे असे नव्वद हिश्शांनी धरावे. मावा गोड चिकट रस टाकतो, मुंग्या तो खातात आणि बदल्यात ढालकिड्याला हुसकावतात. म्हणजे मुंग्यांची रांग तोडली, तरी अर्धे काम होते.

उसाने हेच शिकवले होते

खरे पाहता हा धडा आपल्याला नवा नसायला हवा. २००२ साली आपल्या भागात उसावर लोकरी मावा आला, तो काळ जुन्या सभासदांना आठवत असेल. पानांच्या खाली कापूस पिंजून ठेवावा तसा पांढरा थर, खालच्या पानांवर चिकट रस आणि त्यावर काळी बुरशी. फडात शिरले की अंग पांढरे व्हायचे. तेव्हा हातात सापडेल ते औषध मारण्याची घाई सगळ्यांनाच झाली होती. पण वाढलेल्या उसात पंप घेऊन शिरणे अवघड, आणि पानाखालच्या माव्यापर्यंत औषध पोचणे त्याहून अवघड.

त्याच वेळी डिफा आणि मायक्रोमस ही नावे शेतकऱ्यांच्या तोंडी आली. डिफा ही एका पतंगाची अळी. ती माव्याच्या घोळक्यात जाळी करून राहते आणि मावा खाते. मायक्रोमस हा क्रायसोपाच्या नात्यातला तपकिरी कीटक. त्याची अळी माव्यावर तुटून पडते. या मित्रकिडी असलेली उसाची पाने एका फडातून दुसऱ्या फडात नेऊन बांधण्याचे काम आपल्यापैकी अनेकांनी केले असेल. आमच्या घरी मात्र पहिल्या वर्षी डिफाची अळी दिसल्यावर, माव्यात आता अळीपण पडली, असे म्हणून आम्ही औषध शोधायला निघालो होतो. राखणदाराला चोर समजण्याची ती पहिली चूक. परड्यातली दुसरी. तिसरी होऊ नये, म्हणून हा लेख.

मग करायचे काय?

काहीच करू नये, असे नाही. पायरीने करावे.

पहिली पायरी : पान उलटून पाहावे. मावा आहे आणि राखणदारही आहेत, तर आठ दिवस थांबावे. फेरी मात्र रोज चालू ठेवावी.

दुसरी पायरी : हाताने करावे. वालाच्या शेंड्यावरचा मावा पाण्याची जोराची धार मारली की गळून पडतो. फार भरलेला शेंडा खुडून साबणाच्या पाण्याच्या बादलीत टाकावा. वांग्याचा एखादा शेंडा सकाळी मान टाकून दिसला, तर त्यात शेंडा व फळ पोखरणारी अळी आहे. सुकलेल्या भागाच्या इंचभर खाली खुडावा आणि बादलीत टाकावा. उकिरड्यावर टाकला, तर अळी तिथेच कोषात जाऊन पतंग होऊन परत येते. लिंबाच्या आणि कढीपत्त्याच्या लहान रोपावर पाखराच्या विष्ठेसारखा ठिपका दिसला, तर काडीने हलवून पाहावे. हलला तर ती फुलपाखराची अळी. डिवचली की डोक्यामागून तांबूस शिंगे काढते आणि उग्र वास सोडते. भिण्याचे कारण नाही, उचलून बाजूला करावी. झाड मोठे असेल, तर तिला राहू द्यावे. चार पाने खाऊन पोरांना फुलपाखरू दिसेल.

तिसरी पायरी : चुलीची चाळलेली राख. दंव असताना माव्यावर हलकी भुरभुरावी, म्हणजे चिकटते. आपल्या आज्या हे करतच होत्या. पालेभाजी मात्र नंतर दोनदा धुवावी.

चौथी पायरी : निंबोळी अर्क. १० लिटर पाण्याला अर्धा किलो निंबोळीची भरड. रात्रभर भिजत घालावी, सकाळी फडक्याने गाळून त्यात थोडा साबणाचा चुरा विरघळवावा आणि संध्याकाळी ऊन उतरल्यावर पानांच्या खालच्या बाजूने मारावा. हा अर्क त्याच दिवशी वापरावा. जिथे कीड आहे तिथेच मारावा, सगळे परडे न्हाऊ घालू नये.

याच्या पुढची पायरी परड्यात नको, असा आमच्या घरचा नियम आहे. त्यापेक्षा एक वाफा गेलेला परवडला.

पंपाचे पाच नियम

१. तणनाशकाचा पंप वेगळा असावा. त्याला तांबड्या रंगाचा पट्टा मारावा, म्हणजे घरातल्या कुणालाही विचारावे लागणार नाही. तो रानातल्या खोपीतच ठेवावा, परड्याजवळ आणू नये.

२. परड्यासाठी लिटर-दोन लिटरचा हातपंप पुरतो. तो फक्त परड्याचाच.

३. तणनाशकाचा पंप उसातल्या दुसऱ्या कामासाठी वापरायचाच झाला, तर तीनदा साध्या पाण्याने धुवावा. मग धुण्याचा सोडा घातलेले पाणी भरावे, थोडे नळीतून आणि नोझलमधून सोडावे आणि रात्रभर ठेवून सकाळी पुन्हा धुवावे. एवढे करूनही तो भाजीपाल्यावर नेऊ नये. धुतलेले पाणी विहिरीत किंवा ओढ्यात न सोडता, ज्या रानात ते औषध मारले तिथेच टाकावे.

४. उसातल्या किडीसाठी आणलेली दाणेदार औषधे भाजीच्या वाफ्यात टाकू नयेत. ती मुळावाटे पानात जातात आणि भाजी धुऊन निघत नाहीत. फोरेटवर तर ३१ डिसेंबर २०२० पासून देशभर बंदी आहे. घरात जुनी पिशवी पडून असेल, तर वापरू नये आणि फेकूनही देऊ नये. कृषी सहाय्यकांना विचारून तिची विल्हेवाट लावावी.

५. औषधाचे रिकामे डबे तेला-मिठाला किंवा पाण्याला वापरू नयेत. भोक पाडून निकामी करावेत. पोरांच्या हाती लागतील असे ठेवू नयेत.

कार्तिक-मार्गशीर्षातील कामे

वाफे चार फूट रुंदीचे असावेत, म्हणजे दोन्ही बाजूंनी हात मध्यापर्यंत पोचतो आणि वाफ्यात पाय पडत नाही. काळ्या जमिनीत वाफा वीतभर उंच करावा. खत म्हणून कुजलेले शेणखत उत्तम. कारखान्याचा प्रेसमड घालायचा असेल, तर ताजा घालू नये. तो तापतो आणि रोपांची मुळे भाजतात. पूर्ण कुजून, गार होऊन मातीसारखा झाला, की मग वापरावा.

मेथी एकदम सगळी पेरू नये. दर आठ-दहा दिवसांनी थोडी थोडी पेरावी, म्हणजे घरात सतत कोवळी भाजी येते. मेथी तीन-चार दिवसांत उगवते आणि महिन्याच्या आत काढणीला येते. धने मात्र हळू. ते हलके रगडून दोन फोडी कराव्यात आणि रात्रभर भिजवून पेरावेत. आठ-दहा दिवस काही दिसले नाही, म्हणून वाफा मोडू नये. लसणाची पाकळी टोक वर ठेवून, चार-चार बोटांवर, इंचभर खोल लावावी. मुळा आणि गाजर जागेवरच पेरावेत, त्यांची रोपे उपटून लावली तर मुळे फाटे फुटून वाकडी होतात. भेंडीची घाई नको. १७ अंश सेल्सियसच्या खाली भेंडीचे बी उगवत नाही, मातीतच कुजते. भेंडी आणि गवार माघाची वाट बघू द्यावीत.

पाणी सकाळी द्यावे आणि बुडाशी द्यावे. संध्याकाळी पाने भिजवली, तर ती रात्रभर ओली राहतात आणि टोमॅटोवर करपा येतो. थंडीत पाणी कमी लागते. बोट पेरभर मातीत घालून पाहावे, ओल लागली तर त्या दिवशी पाणी नको. न्हाणीचे सांडपाणी केळी आणि पपईच्या आळ्यांकडे वळवावे, पालेभाजीकडे नको.

तोड झाली की पाचट मिळते. ते पेटवू नका, हे या पत्रिकेतून कितीदा तरी सांगून झाले आहे. त्यातलेच दोन भारे परड्यात आणावेत आणि टोमॅटो-वांग्याच्या ओळींमध्ये पातळ थर द्यावा. ओल टिकते, तण दबते आणि कोळ्यांना राहायला जागा होते. खोडाला मात्र पाचट चिकटू देऊ नये.

दिवाळीच्या झेंडूची वाळलेली फुले आणि वेलावर वाळलेल्या वालाच्या शेंगा फेकू नयेत. ऐन उन्हात दोन दिवस वाळवून, बी काढून, राख मिसळून बाटलीत ठेवावे आणि वर नाव व साल लिहावे. कुंपणाच्या कडेला चार झाडे झेंडूची आणि चार बडीशेपेची राहू द्यावीत. सिरफिड माशी आणि बारीक गांधीलमाशी त्या फुलांवर मध खायला येतात आणि अंडी घालायला आपल्या भाजीकडे जातात.

घरचा अभ्यास

हा अभ्यास शक्यतो घरातल्या शाळकरी मुलांबरोबर करावा. त्यांची नजर आपल्यापेक्षा तीक्ष्ण असते.

१. आठ दिवस रोज सकाळी पंधरा पाने उलटा. वहीत दोन रकाने करा, एक शत्रूचा आणि एक मित्राचा. जे दिसेल ते लिहा, नाव माहीत नसेल तर चित्र काढा.

२. मावा असलेल्या एका शेंड्याला दोरा बांधून खूण करा आणि त्याला काहीच करू नका. पंधराव्या दिवशी काय झाले ते लिहा.

३. मुंग्यांची एक रांग शोधा आणि ती कुठवर जाते ते पाहा.

४. घरात किती पंप आहेत, प्रत्येकातून शेवटचे कोणते औषध मारले, हे घरातल्या प्रत्येकाला विचारा. सगळ्यांची उत्तरे एक आली नाहीत, तर आजच तांबडा रंग आणा.

चौथा प्रश्न सगळ्यांत सोपा दिसतो, पण आमच्या घरी त्याचेच उत्तर चुकले होते.

सभासद बंधू-भगिनींनो, उसाचा फड मोठा असतो. बांधावर उभे राहून तो हिरवा दिसला, की आपण समाधानाने घरी येतो. परड्यात तसे चालत नाही. तिथे वाकावे लागते, हात लावावा लागतो, पान उलटावे लागते. ही सवय एकदा लागली, की माणूस फडातही बांधावरून परत येत नाही. आत शिरतो, एक पाचट बाजूला करतो, एक पान उलटतो. आता आमचा थोरलाही लागणीत तसाच वाकून बघतो.

आई आता फार थकली आहे. परड्यात येणे जमत नाही, तरी सकाळी ओट्यावरून विचारतेच, "बगितलंस का रं पान?" आता आम्ही हसत नाही. "बघितलं, आई," म्हणतो, आणि मगच चहाला बसतो.

कळावे.